जड पाणी, ॲसिडची बाटली आणि टिपाडाची घासणी

जयंतीच्या आधी वस्तीत भिंतींना रंग लागतो, फळीवरची भांडी खाली उतरतात आणि किराणा दुकानातून ॲसिडच्या बाटल्या घरी येतात. नेमके हेच दिवस पाणीटंचाईचे. कोपरगावाला गोदावरी उशाशी आहे, तरी नळाला पाणी अनेक दिवसांच्या अंतराने येते आणि वापरायला बोअरचे जड पाणी घ्यावे लागते. त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार बादलीला, तोटीला, संडासच्या भांड्याला चिकटतात आणि पांढरा थर बसतो.

हा थर आम्लाने विरघळतो, म्हणून ॲसिड ओतले की फसफसते. पण ते हायड्रोक्लोरिक आम्ल थराबरोबर शहाबादी फरशी आणि सिमेंटही खाते. दार लावलेल्या अरुंद संडासात त्याची वाफ घासणाऱ्या बाईच्या छातीत जाते, आणि आपल्या कितीतरी भगिनी स्वतःच्या घरानंतर आणखी चार घरचे संडास घासतात.

लिंबातही आम्लच आहे, पण सौम्य. पिळलेली साल मिठात बुडवून तोटीवर घासा. थर जाड असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके तासभर गुंडाळून ठेवा, मग काथ्याने घासा. ॲसिडपेक्षा वेळ जास्त लागतो, हे खरे. शहाबादी फरशीवर मात्र लिंबूही नको.

तेलकट शेगडीला आणि ओट्याला धुण्याचा सोडा: लिटरभर गरम पाण्यात एक चमचा. जर्मनच्या पातेल्याला तो लावू नका, काळे पडते. तिथे चिंच चालते. मोबाइलवर सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून दाखवतात. फेस छान दिसतो, पण दोघे एकमेकांचा जोर मारतात. एक वापरून धुवा, मग दुसरे.

जड पाण्यात साबणाची साय धरते, रिठ्याची धरत नाही. पाच-सहा रिठे रात्री तांब्याभर पाण्यात भिजवा, सकाळी उकळून गाळा. दोन-तीन दिवसांत ते नासते, म्हणून थोडेच करा. डोळ्यांत जाऊ देऊ नका.

घरगुती वस्तूंनी मळ निघतो. जंतू मरतीलच असे नाही. घरात कुणाला जुलाब-उलट्या झाल्या तर ती जागा ब्लिचिंग पावडरच्या पाण्यानेच पुसावी. गोमूत्राने जंतू मरतात यावर भिस्त ठेवू नका. जनावरांच्या शेणात तर धनुर्वाताचे जंतू असू शकतात. ब्लिचिंग पावडरमध्ये ॲसिड, व्हिनेगर, लिंबू काहीही मिसळू नका. क्लोरीन वायू निघतो, तो फुप्फुसे जाळतो.

ॲसिड घरात असलेच तर थंड पेयाच्या बाटलीत भरू नका. लेकराने प्यालेच तर उलटी करवू नका; तोंड धुवा आणि ती बाटली बरोबर घेऊन तडक सरकारी दवाखाना गाठा.

आता टिपाड. पाणी साठवल्याशिवाय आपल्याला गत्यंतर नाही आणि डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टिपाडाच्या आतल्या ओल्या भिंतीला अंडी चिकटवते. पाणी ओतून टाकले तरी अंडी तिथेच राहतात, कोरडी पडून कित्येक महिने जगतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. नळाला पाणी येण्यातले अंतरही पुष्कळदा तेवढेच असते.

म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवा. उरलेले पाणी फडक्यातून गाळून बादल्यांत काढा, टिपाड आतून काठापासून तळापर्यंत नारळाच्या काथ्याने खरखरून घासा, घासलेले पाणी गटारीत न सोडता कोरड्या मातीवर ओता. टिपाड उन्हात वाळवून मगच भरा आणि तोंडाला जुन्या साडीचा दुहेरी पदर घट्ट बांधा. याला ना साबण लागतो, ना ॲसिड. टिपाड जड असते. ते उलटे करायला घरातल्या पुरुषांनीही हात लावावा.