महाडचं लुगडं आणि पडद्यावरचा रंग

पत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचं नाव 'प्रतिनिधित्वाचं तत्त्वज्ञान' असं छापलंय. नाव भारदस्त आहे, त्यात माझा दोष नाही. मी बोलणार आहे ते मला एका मुलीने विचारलेल्या प्रश्नावर.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वीस मार्चचा दिवस. चवदार तळ्यावर नेहमीसारखी गर्दी. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका, पुस्तकांचे स्टॉल, फोटो काढणारी पोरं. माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली, पोलादपूरकडची. लग्न ठरलं होतं तिचं. बोलता बोलता म्हणाली, "सर, बाबासाहेबांनी इथेच बायकांना सांगितलं ना, वरच्या जातीच्या बायका नेसतात तसं लुगडं नेसा म्हणून? मग मी लग्नाआधी गोरं व्हायची क्रीम लावली तर तुम्ही सगळे नाक का मुरडता? दोन्ही एकच की." मी काहीतरी गुळमुळीत बोललो. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला उत्तर सुचलं नाही, हे खरं. आज जे सांगतोय ते उशिरा सुचलेलं उत्तर आहे.

आधी घटना नीट पाहू. १९२७ साली महाडात दोन परिषदा झाल्या. मार्चमधली, जिच्यात तळ्याचं पाणी प्यायलं गेलं, ती सगळ्यांना ठाऊक असते. डिसेंबरमधल्या परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालं, तेही ठाऊक असतं. पण त्या डिसेंबरच्या परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब खास स्त्रियांशी बोलले, ते भाषण अभ्यासक सोडले तर फारसं कोणी वाचत नाही. पोशाखावर बोलले ते. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, गळाभर माळा, कोपरापर्यंत गोठ-पाटल्या, यावरून तुम्ही कोण आहात हे लांबून ओळखू येतं. ही खूण पुसून टाका, लुगडं घोट्यापर्यंत नेसा. दागिना घालायचा तर सोन्याचा घाला, नाही तर घालूच नका. कपडा फाटका असला तरी चालेल, स्वच्छ असू द्या. असा त्या भाषणाचा आशय. मग टिपणीस आणि चित्रे या घरांतल्या बायकांनी पुढे होऊन लुगडं कसं नेसायचं ते दाखवलं आणि बायका नव्या तऱ्हेने नेसून बाहेर पडल्या.

आता माझ्या विद्यार्थिनीचा आक्षेप घ्या. हे अनुकरणच झालं की! वरच्यांचं नेसणं चांगलं, आमचं वाईट, असं मान्य केल्यासारखंच ना? हा आक्षेप हलका नाही. गंभीर अभ्यासकांनीही तो घेतलाय.

त्याला उत्तर शोधताना मला त्रावणकोर आठवतं. तिथे नाडर बायकांना वरचं अंग झाकायला बंदी होती. त्याविरुद्ध कित्येक वर्षं झगडा झाला आणि १८५९ मध्ये महाराजांनी परवानगी दिली. अट काय घातली? झाका, पण वरच्या जातीच्या बायकांच्या पद्धतीने नाही. म्हणजे बघा, राज्याला कापडाची भीती नव्हती, भीती होती ती फरक पुसला जाण्याची. लुगडं किती सुंदर हा मुद्दाच नव्हता. कोण कोणाला ओळखून दूर ठेवू शकतो, हा होता.

अगदी असाच कायदा अमेरिकेतल्या लुईझियानात होता. १७८६ साली तिथल्या स्पॅनिश गव्हर्नरने फर्मान काढलं की स्वतंत्र कृष्णवर्णीय बायकांनी केस रुमालाने बांधून ठेवावेत. कारण त्या नटून फिरायच्या आणि गोऱ्या बायकांपासून वेगळ्या काढता येईनात. त्या बायकांनी काय केलं? रुमाल बांधले, पण भारी कापडाचे, रंगीत, असे डौलदार की त्याचीच फॅशन झाली. शिक्षाच दागिना केली त्यांनी. पुढे १९६० च्या दशकात तिथली तरुण पिढी केस नैसर्गिक कुरळे ठेवू लागली आणि काळं ते सुंदर म्हणू लागली. तोही त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा.

म्हणजे वाटा दोन झाल्या. लादलेली खूण मिरवायची, नाही तर फेकून द्यायची. महाडच्या बायकांनी दुसरी निवडली. मला विचाराल तर १९२७ मध्ये तीच शक्य होती. रस्त्यावर, बाजारात, पाणवठ्यावर जी खूण बघून लोक बाजूला होतात, तिची फॅशन करायला आधी रस्त्यावर मोकळं चालता यावं लागतं.

आणि इथेच क्रीमचं उत्तर आहे. लुगडं बदललं की खूण उरत नाही. खूण उरली नाही की तिच्यावर चालणारा नियम लंगडा होतो. क्रीमने नियमाला धक्काही लागत नाही. गोरं ते सुंदर हा नियम जिथल्या तिथे राहतो, आपण फक्त त्याची वर्गणी भरत राहतो. दर महिन्याला, ट्यूबमागे. (हशा) 'फेअर अँड लव्हली' आपल्याकडे १९७५ पासून विकली गेली. २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडची हत्या झाली, जगभर आंदोलन उसळलं, तेव्हा कुठे तिचं नाव 'ग्लो अँड लव्हली' झालं. नाव बदललं. दुकानातला कप्पा तोच आहे.

आता पडद्याकडे येतो, कारण सुंदर कशाला म्हणायचं हे आज पडदा ठरवतो. 'अछूत कन्या' १९३६ सालचा. त्यातली अस्पृश्य मुलगी कोण? देविका राणी. १९५९ सालच्या 'सुजाता'मध्ये नूतन. चित्रपट चांगल्या हेतूने काढलेले होते, मी त्यांची टिंगल करत नाही. पण ज्यांची गोष्ट, ते पडद्यावर नाहीत, असं वर्षानुवर्षं चाललं. आपल्या रायगडातल्या ठाकरांवरचा 'जैत रे जैत' घ्या, १९७७ चा. मला तो अतिशय प्रिय आहे. सावळ्या स्मिता पाटीलला बघून आमच्या पिढीतल्या कित्येक मुली पहिल्यांदा ताठ मानेने आरशासमोर उभ्या राहिल्या असतील. तरीही ठाकर म्हणून जे मुख्य चेहरे दिसतात, ते शहरातून आलेल्या नटांचे आहेत.

उलट बाजूही ध्यानात ठेवा. कलाकार नव्हते असं नाही. तमाशाचा फड कोणाच्या जिवावर उभा होता? महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या बायकांच्या. पवळाबाई, विठाबाई नारायणगावकर, ही नावं उभ्या महाराष्ट्राला माहीत होती. म्हणजे या बायका रंगमंचावर होत्याच, भरपूर होत्या. पण कोणत्या अटीवर? याच महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळांचं उत्पन्न देऊ केलं आणि बाबासाहेबांनी ते नाकारलं. आमच्याच बायका नाचवून मिळवलेला पैसा नको, ही त्यामागची भूमिका. हे कठोर वाटतं. तमाशातल्या बायकांच्या कलेचा यात मान राहिला का, असं विचारणारे आहेत आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. दिसणं आणि दाखवलं जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसती डोकी मोजून प्रतिनिधित्व मोजता येत नाही. हॅटी मॅकडॅनिएलला १९४० मध्ये ऑस्कर मिळालं, कृष्णवर्णीयांतलं पहिलं, पण भूमिका मोलकरणीची होती आणि समारंभात तिला बसवलं होतं वेगळ्या टेबलावर.

इथे मला स्वतःचं एक सांगायला हवं, नाही तर हे सगळं पुस्तकी होईल. एका कॉलेजात मी गॅदरिंगच्या नाटकाच्या निवड समितीवर होतो. एका मुलीने संवाद असे म्हटले की आम्ही तिघेही सरसावून बसलो. रंगाने काळी होती. समितीतलं कोणीतरी म्हणालं, "लाइटमध्ये दिसणार नाही ती." नायिका दुसरीच झाली. या मुलीला पडद्यामागे प्रॉम्प्टिंगला बसवलं. मी एक शब्द बोललो नाही. तांत्रिक कारण आहे, आपल्याला काय कळतं त्यातलं, अशी मनाची समजूत घातली.

पुढे कळलं की त्या तांत्रिक कारणालाही इतिहास आहे. कोडॅकची रंगीत फिल्म अनेक वर्षं एका गोऱ्या बाईच्या नमुना फोटोवरून जुळवली जायची. त्या कार्डाला 'शर्ली' म्हणत. काळे चेहरे त्यात बुडून जात, फक्त डोळे आणि दात दिसत. आयांनी तक्रारी केल्या, पण कंपनी हलली ती चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्यांमुळे. त्यांच्या मालातल्या तपकिरी छटा जाहिरातीत उतरत नव्हत्या! म्हणजे 'ती दिसत नाही' हा प्रकाशाचा नियम नव्हता. आधी कोणाला बघायचं हे कोणीतरी ठरवलेलं होतं.

म्हणून 'फँड्री' पाहताना मी हललो. त्यातला जब्या कैकाडी घरातला. त्याला जीन्स हवी असते, गोऱ्या शालूच्या नजरेत भरायचं असतं. माझ्या विद्यार्थिनीचाच प्रश्न तो, फक्त मुलाच्या तोंडी. नागराज मंजुळेंनी त्याला हसण्यावारी नेलं नाही आणि त्याची कीवही केली नाही. आणि ती भूमिका केली सोमनाथ अवघडेने, अभिनयाच्या शाळेतून न आलेल्या गावच्या पोराने. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग २०१६ मध्ये 'सैराट' आला. अकलूजची रिंकू राजगुरू, सावळी, गावची बोली, बुलेट चालवणारी. अख्ख्या महाराष्ट्राने तिला नायिका मानलं. प्रेक्षकांना असलं चालत नाही, ही सबब त्या दिवशी संपायला हवी होती. दोनच वर्षांनी हिंदीत 'धडक' निघाला. गोष्ट तीच, पण नायिका जान्हवी कपूर आणि जातीचा काटा बराचसा बोथट. काय गाळलं गेलं ते दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिलेत की समजेल.

त्या मुलीचं लग्न झालं. नंतर अल्बम घेऊन घरी आली होती. मी बघतो तर नवरा, नवरी, वऱ्हाडी, सगळे एकाच दुधी रंगाचे. मी तिच्याकडे पाहिलं. ती हसून म्हणाली, "मी क्रीम नाही लावली सर. फोटोवाल्याने सगळ्यांना लावली." त्याला नको म्हणाली होती का, असं मी विचारलं. तर तो म्हणाला होता, "ताई, न लावता दिले की लोक फोटो परत आणून देतात."

बरं, मंडळी, आयोजक घड्याळ दाखवताहेत. प्रश्न असतील तर घेऊ. मागे बसलेल्या त्या मुलींपासून सुरुवात करू.