चिक्कीची चव आणि चिक्कीची तपासणी

बोरघाट चढून लोणावळ्यास उतरलेला प्रवासी चिक्कीचा पुडा घेतल्याखेरीज सहसा परतत नाहीं. दुकानें ओळीनें आहेत व त्यांच्यांत चढाओढही आहे. अशा ठिकाणीं सरकारी निरीक्षकाचें प्रयोजन काय, असें खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते विचारतात. वाईट माल विकणाऱ्याचें गिऱ्हाईक तुटतें, हीच शिक्षा त्याला पुरेशी होय, असा त्यांचा युक्तिवाद असतो.

हा युक्तिवाद अगदींच पोकळ नाहीं. गूळ करपला किंवा दाणा खवट निघाला, तर जीभ तात्काळ निकाल देते. प्रश्न आहे तो जिभेला न कळणाऱ्या दोषांचा. शेंगदाण्याची साठवण ओलसर राहिली, तर त्यावर बुरशी धरते, आणि कांहीं बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन हें विष उत्पन्न होतें. मावळांतील पावसाळ्यांत ही काळजी विशेष घ्यावी लागते. १९६० सालीं इंग्लंडांत शेंगदाण्याची पेंड खाऊन लाखभर टर्की पक्षी मेले, तेव्हां या विषाचा माग लागला. तें चवीला कळत नाहीं, भाजल्यानें समूळ नष्ट होत नाहीं, आणि अल्प प्रमाणांत वर्षानुवर्षें पोटांत गेल्यास यकृताचा कर्करोग उद्भवूं शकतो. इतक्या काळानें आजारी पडलेल्या मनुष्यानें कोणत्या दुकानावर बहिष्कार घालावा?

दुसरी अडचण प्रामाणिक कारखानदाराची. तपासणीस खर्च येतो. पण तपासलेला व न तपासलेला पुडा दिसावयास सारखाच. मग जो खर्च टाळतो तोच स्वस्त विकतो. कायदा हा खर्च सर्वांवर सारखा लादतो, म्हणून सचोटी तोट्याची ठरत नाहीं.

डिसेंबर २०१८ मध्यें अन्न व औषध प्रशासनानें लोणावळ्याच्या सुप्रसिद्ध मगनलाल चिक्कीचें उत्पादन व विक्री थांबविण्याचा आदेश दिला. चिक्की विषारी निघाली, असें त्याचें कारण नव्हतें. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार माल तपासून घेतल्याचा पुरावा मिळाला नाहीं, हें कारण होतें. दुकानांत उभें राहून असा पुरावा मागण्याची गिऱ्हाइकाची रीत नाहीं, आणि मागितला तरी तो वाचण्याचें ज्ञान थोड्यांपाशींच असतें.

निरीक्षकही सर्वत्र पोहोंचत नाहीं, हें खरें. तथापि चव, खुसखुशीतपणा व भाव यांचा न्याय बाजारानें करावा, आणि जें डोळ्यांना व जिभेला कळत नाहीं त्याची जबाबदारी कायद्यानें घ्यावी, ही वांटणीच गृहस्थाश्रमी माणसाच्या हिताची आहे.