जादा व्याज येते कोठून?

नगर जिल्ह्यात गावोगावी पतसंस्था आहेत. बँकेपेक्षा जादा व्याज मिळते म्हणून आपल्या कष्टकरी माता-भगिनी मुलांच्या शिक्षणाचे पैसे तेथे ठेवतात. पण हे जादा व्याज येते कोठून? आपल्याच ठेवी घर, प्लॉट, शेतजमीन गहाण घेऊन महाग व्याजाने कर्जाऊ दिल्या जातात. गहाणाची किंमत फुगवलेली असली आणि कर्ज थकले, तर लिलावातूनही मुद्दल सुटत नाही.

बँकही अडचणीत येते. १९१० साली स्थापन झालेल्या नगर अर्बन बँकेवर डिसेंबर २०२१ मध्ये निर्बंध आले. खातेदाराला फक्त १०,००० रुपये काढण्याची मुभा राहिली. ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. मात्र बँकेतील ठेवीला व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. पतसंस्थेच्या ठेवीला, मग ती मल्टिस्टेट का असेना, हे संरक्षण नाही.

म्हणून आम्ही वाचकांना कळकळीने सांगतो : ठेव ठेवण्याआधी ऑडिटचा वर्ग व थकबाकी विचारा. उत्तर टाळले, तर उंबरठ्यावरूनच परत फिरा. अडीअडचणीची पुंजी पोस्टात ठेवा. व्याज थोडे कमी मिळेल, पण मुद्दल शाबूत राहील.