पाट फुटला तर आधी बांध: गटाचे पैसे आणि १९३०

पापड, मसाले, शेवया विकणाऱ्या गटांकडे आता दुकानावर क्यूआर कोड आहे, ऑर्डरी फोनवर येतात. चोरही फोनवरच येतो. पैसे गेले तर सरकारी यंत्रणा आपल्यासाठी काय करते, ते आज सांगतो.

एक ठरलेली चाल आहे. फोन येतो, ‘मी लष्करातून बोलतोय, कॅम्पसाठी पन्नास किलो पापड हवेत.’ भावात घासाघीस करत नाही, तिथेच खरं तर शंका यावी. मग म्हणतो, ‘ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका.’ पिन टाकला की पैसे येत नाहीत, जातात. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

असं झालं तर पहिला फोन १९३० ला. हा केंद्रीय गृहमंत्रालयाचा, देशभर चालणारा क्रमांक. गटाचे पैसे गेले की लाज वाटते, कुणाला सांगू, कसं सांगू यात दिवस जातो. तेवढ्यात चोर ते पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात नेतो आणि शेवटी एटीएममधून काढतो. १९३० वर नोंद झाली की ती संगणकावरून थेट बँकेकडे जाते. पैसे तिथे असले तर बँक तेवढी रक्कम अडवते. पुढे गेले असले तर पुढच्या बँकेला निरोप जातो. पाट फुटला तर आपण आधी बांध घालतो, कुणामुळे फुटला ते मग बघतो. तसंच हे.

फोन करताना बँकेचं नाव, खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक जवळ ठेवा. मेसेज पुसू नका. तक्रारीचा क्रमांक गटाच्या वहीत लिहा. सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही तक्रार करता येते. अडवलेले पैसे मात्र लगेच हातात येत नाहीत, त्याला पोलीस-न्यायालयाची वाट असते. सगळे परत मिळतीलच असंही नाही.

त्याच दिवशी बँकेलाही कळवा. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये नियम घातला: चूक आपली नाही, बँकेचीही नाही, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत आपण कळवलं, तर नुकसान आपल्यावर येत नाही. पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं.

पण मेसेज येतो कुणाच्या फोनवर? अनेक गटांत पदाधिकारी बदलतात, खात्याला जोडलेला नंबर मात्र जुन्या सचिवताईंचाच राहतो. पैसे गेल्याचं त्यांना कळतं, किंवा कुणालाच कळत नाही. पुढच्या बैठकीत पासबुक काढा आणि हे आधी तपासा. बदल करायचा तर ठराव घेऊन बँकेत जा, बँक सखी सोबत येईल.

याची एक उलटी बाजूही आहे. कुणी चोरीच्या पैशाने आपल्याकडून माल घेतला, तर तो माग आपल्या खात्यापर्यंत येतो आणि आपलीच रक्कम अडकते. घाबरू नका. कुठल्या पोलीस ठाण्याची, कोणत्या क्रमांकाची तक्रार आहे ते बँकेकडून लेखी मागा, आणि बिल, माल पाठवल्याची पावती दाखवा. म्हणून पाचशे रुपयांच्या मसाल्याचंही बिल फाडायचं.

फोनच हरवला तर पोलिसांत नोंद करून ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर तो बंद पाडता येतो. सिमकार्ड आणि यूपीआयही लगेच बंद करून घ्या.

बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला एक रुपयाही लागत नाही. माहितीसाठी क्रमांक १४४४८. जाताना बँकेत दिलेल्या अर्जाची, शिक्का मारलेली प्रत सोबत लागेल.