घरकुलाआधी जागेचा कागद

वस्तीत घरकुलाची चर्चा निघाली की ती अनुदानाच्या रकमेवरच थांबते. माझ्या मते खरी मेख जागेत आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी 2008 साली सुरू झालेल्या रमाई आवास योजनेत 269 चौरस फुटांच्या घराला अनुदान मिळते. पण जागा स्वतःची हवी. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले, त्यांच्याकडे जागेचा कागद येणार कोठून?

म्हणून अर्जाआधी ग्रामपंचायतीतून नमुना 8 चा उतारा काढा. त्यात राहत्या घराची नोंद नसेल, तर ती व्हावी म्हणून लेखी अर्ज द्या. जागाच नसेल, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून साहाय्य मागा. जातीचा व उत्पन्नाचा दाखला जोडा. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. ग्रामसभा चुकवू नका. यादीतून नाव गळाले, तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने नोंदीची नक्कल मागा.

शिकलेल्या तरुणांनी एवढे काम तरी अंगावर घ्यावे. आजवर दुसऱ्याच्या जमिनीवर राबलेल्या माणसाचे नाव गावच्या दप्तरात लागणे, हे मला चार भिंतींइतकेच मोलाचे वाटते.