चिलापीनं काढली सुरीची धार!

हिवाळ्यात उजनीकाठी फ्लेमिंगो बघायला गेलात, की येताना चिलापी मस्ट! पण घरी? बोथट सुरी खवल्यांवरून घसरली आणि कापलं ते माझंच बोट.

आता धार लावायची कशानं? तिकडं ऊसतोडीच्या कोयत्याला कानस चालते, आपल्या पातळ सुरीला ती फारच रांगडी. खाचेत ओढायचा शार्पनर सोपा, पण पातं खरवडतो. फिरत्या चाकावर पातं जास्त तापलं, तर पोलादाचं पाणीच उतरतं.

माझं मत धारेच्या दगडाला. हजार नंबरचा घ्या, ओला ठेवा. सुरी साधारण वीस अंशांत तिरकी धरा (काटकोनाच्या निम्म्याचा निम्मा, त्याहून किंचित कमी) आणि कोन हलू देऊ नका. एक बाजू घासताना दुसऱ्या बाजूला पूर्ण धारेवर बारीक खरखर जाणवली, की सुरी उलटा. शेवटी हलक्या हातानं ती खरखर काढा. पहिला प्रयोग मात्र जुन्या सुरीवर! पिकलेला टोमॅटो न दाबता चिरला गेला, तरच चिलापीला हात लावा.