महसुली हुकूम आणि न्यायाधीशाचा अधिकार

तहसीलदाराचा हुकूम विरुद्ध गेला म्हणजे आमचे शेतकरी बंधु एक तर हताश होऊन बसतात, नाहीं तर हायकोर्टापर्यंत जाण्याची प्रतिज्ञा करितात. हायकोर्ट त्या हुकुमांत काय पाहतें व काय पाहत नाहीं, याची चौकशी मात्र विरळाच कोणी करितो. आमचीं बरीच वर्षें महसुली कचेरींत गेलीं असल्यामुळें हा विषय येथें थोडक्यांत मांडतों.

इंग्रजी अमलांत सरकारनें आपला सारा न्यायाधीशाच्या दृष्टीपासून जपून ठेविला होता. १७८१ सालच्या कायद्यानें कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टास महसुलाच्या कामांत हात घालण्याची मनाई झाली. मुंबई इलाख्यांत १८७६ च्या कायद्यानें दिवाणी कोर्टांस आकारणीच्या वादांपासून दूर ठेविलें. आणि १९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्याच्या २२६ व्या कलमानेंही हायकोर्टांच्या मूळ अधिकारावरील महसूलविषयक बंदी कायम राखली. सारा ठरविणारा, वसूल करणारा आणि त्यावरची तक्रार ऐकणारा, सर्व एकाच खात्याचे! २६ जानेवारी १९५० रोजीं राज्यघटना अमलांत आली, तेव्हां तिच्या २२५ व्या कलमानें ही बंदी उठली व २२६ व्या कलमानें सरकारी अधिकाऱ्यांवर आज्ञापत्र, म्हणजे रिट, काढण्याचा अधिकार प्रत्येक हायकोर्टास मिळाला. कलमाचा आंकडा तोच, अर्थ मात्र उलट. हा योगायोग आम्हांस मोठा मौजेचा वाटतो.

परंतु रिट म्हणजे आणखी एक अपील नव्हे. बांध कोणाचा, साक्षीदार खरा कोण, हें हायकोर्ट सहसा पुनः तपाशीत बसत नाहीं. अधिकाऱ्यास असा हुकूम देण्याचा अधिकार होता काय, ज्याचें नुकसान झालें त्यास नोटीस देऊन त्याचें म्हणणें ऐकलें काय, कायद्यांतील रीत पाळली काय, हें तें पाहतें. उणीव दिसल्यास हुकूम रद्द होतो, आणि बहुधा प्रकरण फेरचौकशीसाठीं त्याच कचेरीकडे परत येतें. अपिलाची वाट मोकळी असतां ती सोडून आलेल्यास बहुतकरून परतच पाठवितात.

समजा, एकानें खोट्या खरेदीखतावरून फेरफार करून घेतला व जमिनीचा कबजाही मिळविला. मूळ मालकास नोटीसच गेली नाहीं. त्यानें ६० दिवसांच्या आंत प्रांताकडे अपील करावें. नोटीस न मिळणें हा तेथें बळकट मुद्दा आहे. पण सातबाऱ्यावरील नांव म्हणजे मालकी नव्हे. विरुद्ध शाबीत होईपर्यंत ती नोंद खरी धरतात, एवढेंच. मालकी ठरविणें हें दिवाणी न्यायाधीशाचें काम. कित्येकजण नोंदीसाठीं अपिलामागून अपील करीत राहतात, आणि इकडे विरोधी कबजास १२ वर्षें उलटून ताब्याचा दावाच मुदतीबाहेर जातो. अशा रीतीनें जमिनी गेलेल्या आहेत.

कुळाच्या वादाची तऱ्हा निराळी. एखादा इसम कूळ आहे किंवा नाहीं, हें १९४८ च्या कुळकायद्याच्या ८५ व्या कलमामुळें दिवाणी न्यायाधीशासही ठरवितां येत नाहीं. चालू दाव्यांत तो मुद्दा निघाल्यास तहसीलदाराकडे पाठवावा लागतो. दिवाणी न्यायाधीशाची हद्द कायदेमंडळ अशी आंखूं शकतें. हायकोर्टाचा रिटाचा अधिकार मात्र घटनेनेंच दिलेला असल्यामुळें साध्या कायद्यानें काढून घेतां येत नाहीं.

सोलापूरकरांस ह्या रिटासाठीं पूर्वीं मुंबई गांठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरांत मुंबई हायकोर्टाचें सर्किट बेंच बसूं लागलें असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेंत आहे. तेथें जाणाऱ्यानें खालच्या प्रत्येक हुकुमाची सहीशिक्क्याची नक्कल बरोबर न्यावी. नकलेचा अर्ज हुकूम कळतांच द्यावा. ती हातीं येण्यास कचेरींत किती दिवस लागतात, हें आम्हांस चांगलें ठाऊक आहे.